मयुरीचं माप

सेलू, १२ एप्रिल १९९९

दादा,

नमस्कार लिहिला आहे. घ्यायचा की नाई ते तुझं तू पाहाय.

फोन केला तर माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवून देतोस, म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागते, आणि हातात घेतला की माणूस एखादी ओळ वाचतेच. तेवढ्या ओळीत सांगून टाकते. मयुरी माझ्याकडं आहे. सुखरूप आहे. आली, जेवली, झोपली, उठून पुन्हा जेवली. तिले न्यायले येऊ नको.

आता फाडायचा तर फाड.

नाई फाडला? मग ऐक. काल दुपारच्या एसटीतून उतरली पोट्टी. रस्त्यावर कुत्रं नाई, डांबर वितळून राह्यलं, आणि हिच्या अंगात गळ्यापर्यंत बंद, जाड अस्तराचा, चकचकीत सॅटिनचा ड्रेस. वरून ओढणी दोन्ही खांद्यावर पिनांनी टाचलेली. मी म्हटलं, "माय वं! कोनाच्या वरातीतून पळून आली?" हसली नाई. सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिथून हाक मारली, "आत्या, मागची चेन काढून दे. माह्या हात पुरत नाई."

चेन काढली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. तुझ्याच नावानं निघाली, लपवत नाई. पाठभर घामोळ्या, दादा. डाव्या खांद्यावर जिथं तू आतून कापसाची गादी शिवली, तिथली चामडी सोलून लाल झालेली. गादी घामानं ओलीचिंब, वास मारून राह्यलती. नागपूरच्या एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, हेमराज मास्तर, ज्याच्या हातच्या सफारीसाठी लोक महिना महिना थांबतात, त्याच्या पोरीच्या पाठीची ही दशा.

तुले राग येईन. येऊ दे. मयुरीची पाठ पंधराव्या वर्षापासून एका अंगानं वाकडी होत गेली, उजव्या खांद्यामागचं फरं वर आलं, डावा खांदा खाली बसला. डॉक्टरनं सांगितलंतं की जिवाले धोका नाई, कामाधंद्याले नाई, लेकराबाळाले नाई, फक्त पाठ अशीच राहीन. हे तुले ठाऊक, वहिनीले ठाऊक, मले ठाऊक. आणखी कोणाले कळू नये म्हणून तू डावीकडं कापूस भरला, उजवीकडं अस्तर कडक करून फरं दाबलं, आणि असं एक पोलकं तयार केलं की खुंटीवर टांगलं तर राणीचं वाटावं. मग तेच झालं मापाचं पोलकं. त्याच्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं.

आपल्या धंद्याची ही रीतच आहे म्हणा. बाया कुठं अंगाचं माप देतात? जुनं पोलकं पिशवीतून काढतात आणि म्हणतात, "याच्याच मापानं शिवा." लग्नातलं पोलकं जन्मभर पुढं पुढं चालत राहते, बाई जाडी होवो नाई तर वाळून काडी होवो. पुरुष टेलरनं टेप लावायची नाई, ठीक आहे. पण तू बाप आहेस ना रे? सात वर्षं पोरीचे कपडे शिवले आणि पोरीले टेप लावली नाई. तुझ्या मनातल्या पोरीचं माप तू घेत राह्यला.

आणि कापड तरी काय, पॉलिस्टर! "चुरगळत नाई, आकार सोडत नाई," असं तू गिऱ्हाइकाले सांगतोस. आकार सोडत नाई तेच तर दुखणं आहे. आपल्या जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या वावरात कापूस, आणि आपल्या घरची पोट्टी अंगावर प्लास्टिक घालते आणि कापूस खांद्यात भरते. हसावं की रडावं ते कळत नाई.

कारंज्याच्या स्थळाचं सगळं तिनंच सांगितलं. फोटोवरून तू जमवून टाकलं. पोरगा निकेश, बापाचा हायवेवर ढाबा. पोराच्या मायनं, विमलाबाईनं, लग्नातल्या साड्यांवरची पोलकी शिवून घ्यायले मापाचं पोलकं मागितलं, आणि तू ते गादीचं पोलकं पुड्यात बांधून ठेवलं. ते पाहून पोट्टी घरातून निघाली. पुडा पिशवीत टाकून घेऊन आली. आता तो माझ्या कपाटात आहे, मागू नको.

तिनं मले एकच विचारलं. "आत्या, लग्न झाल्यावर हे पोलकं काढीन तवा त्याले काय सांगू?" याचं उत्तर तुझ्याजवळ असन तर लिहून पाठव.

बाकी माझ्यावरचा तुझा राग मले पाठ आहे. नवऱ्याले सोडून आलेली बाई बापाचं बंद दुकान उघडते, गळ्यात टेप टाकून बाजाराकडं तोंड करून मशीनवर बसते, म्हणून तुझी मान खाली गेली. ती मान वर करायले मी काही दुकान बंद करणार नाई. आणि पोट्टी माझ्याकडं पहिल्यांदाच आली असं तुले वाटत असन, तर वाटू दे.

तू मान नको मान, तुझी बहीण
शकुन

सेलू, २१ एप्रिल १९९९

दादा,

तुझा निरोप मिळाला. कंडक्टरच्या तोंडून बहिणीले निरोप धाडतोस, वा! भर स्टँडवर तो ओरडला, "शकुनबाई, तुमचे दादा म्हनते, पोरीले पाठवा, नाई तर मी मेलो असं समजा." सगळे उतारू माझ्याकडं पाहून राह्यले. मी त्याले म्हटलं, "मेलेल्या माणसाले सांगा, जेवण वेळेवर करत जाय." त्यानं सांगितलं का? सांगितलं नसन. भला माणूस आहे.

मयुरीले नाई पाठवत. तिची कातडी आता भरून आली. घरात माझी जुनी मलमलची चोळी घालून फिरते, पंख्याखाली पाठ करून बसते, आणि काजं करायले शिकून राह्यली. हात तुझ्यासारखा आहे, घट्ट आणि बारीक टाका. हे तुले बरं वाटावं म्हणून लिहिलं नाई, खरं आहे म्हणून लिहिलं.

मी वर्ध्याले जाऊन कापड आणलं. हातमागाचं सुती, निळं, हाताले जरा खरबरीत पण धुतलं की लोण्यासारखं होणारं. आणून पाण्यात बुडवलं, सावलीत वाळवलं, मग पुन्हा बुडवलं. सुतीले जेवढं आटायचं ते शिवायच्या आधी आटू द्यावं लागते, हे बाबा सांगत, आठवते? तू हसत होतास. म्हणत होतास की टेरिकॉट आलं, आता कोण बुडवत बसते.

मग तिचं माप घ्यायले उभी केली. दादा, ती उभी कशी राहते ते तू कधी पाह्यलं? डावा खांदा वर खेचून, श्वास धरून, फोटोवाल्यासमोर राहावं तशी. मी म्हटलं, "सैल उभी राहा वं." तर म्हणते, "सैलच हावो." मी म्हटलं, "मंग श्वास कोनाच्या बापानं धरून ठेवला?" तेव्हा उलिसं हसली. तरी खांदा खाली येईना. मी टेप हातात घेऊन तशीच बसून राह्यली. बाहेर गिऱ्हाईक आलं, त्याले म्हटलं उद्या या. मग तिनंच विचारलं, "आत्या, खरंच जशी हावो तशी उभी राहू?" मी म्हटलं, "हाव ना." आणि तिनं खांदा सोडला. सोडला तसं तिचं सगळं अंगच उतरलं, आणि ती रडायले लागली. मी पण रडली. आमच्या दोघीत रडायले कोणाचं भेव आहे?

डावं माप वेगळं घेतलं, उजवं वेगळं. डाव्या मुंढ्याचं वेगळं, उजव्या मुंढ्याचं वेगळं. पाठीची लांबी दोन जागी. सगळं लिहून घेतलं, खडू घेतला, आणि आता ऐक माझा मूर्खपणा. कापड टेबलावर टाकलं, आणि हातानं आपोआप दुहेरी घडी घातली. आपण कापड असंच कापतो, अर्ध्यात दुमडून, म्हणजे एका कापात दोन्ही बाजू निघतात. बाबानं तसं शिकवलं, त्याच्या बापानं त्याले शिकवलं. माझ्या हातानं मले विचारलंच नाई. घडी घातली, डाव्या मापानं खूण केली आणि कर्र कर्र कापून मोकळी झाली. उलगडून पाहते तर दोन्ही बाजू सारख्या! अंगाचं माप घेऊन इतकं भाषण देणारी मी, आणि केलं ते तूच करतोस तेच.

मयुरी पोट धरून हसली. म्हणे, "आत्या, तू पन बाबाच निघाली!" आल्यापासून पहिल्यांदा एवढी हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्धा, पुन्हा कापड, पुन्हा पाणी. या वेळी एकेरी टाकलं. एकेरी कापड कापताना कात्री जपून चालवावी लागते रे दादा. चुकलं तर झाकायले दुसरी बाजू नसते.

काल ड्रेस पुरा झाला. कापूस नाई, अस्तर नाई, दाबलेलं काही नाई. उजवीकडं फऱ्याले जागा सोडली, डावीकडं मुंढा खाली उतरवला, गळा मध्यात आणला. घालून ती आरशापुढं उभी राह्यली. पाठ सरळ झाली नाई, होणारच नव्हती. पण ड्रेस कुठंच ओढत नव्हता, कुठंच झोळ नव्हता. तिनं दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. म्हणाली, "काहीच टोचत नाई."

त्याच मापाचं एक पोलकंही शिवलं. कारंज्याले मापाचं पोलकं पाहिजे ना? हे पाठवलं. पत्ता तिच्याजवळ होता. आता बस डोक्याले हात लावून.

शकुन

सेलू, ४ मे १९९९

दादा,

कारंज्याहून अजून कोणी काही बोललं नाई, म्हणून तू खूष असशील. तुले वाटत असन, शकुनच्या पोलक्यानं काही बिघडलं नाई. खरंच नाई बिघडलं. का नाई बिघडलं ते सांगते, खाली बसून ऐक.

परवा शेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. फोनवर विमलाबाई. आवाज मोकळा, बाई साधी वाटली. म्हणाली, "मयुरीच्या आत्या ना तुमी? अवो, तुमी धाडलेल्या पोलक्यात चूक होती. एक खांदा खाली, एक वर. आमचा टेलर म्हने, शिवनाऱ्याची नजर गेली असन. पन तुमी घोर नोका करू, त्यानं दोनी बाजू बराबर करून घेतल्या. सारी पोलकी शिवून तयार हायेत."

सांगावं तर कसं सांगावं, बूथमध्ये, बाहेर दोन माणसं खोळंबलेली. "बरं बरं" म्हटलं आणि ठेवला. बाहेर आली तर मयुरी दारातच. तिले सांगितलं. ती आधी हसली, मग तिचं हसणं थांबलं. म्हणाली, "म्हनजे मी खरं माप धाडलं तरी त्याइले चूकच वाटते." मग उलिशा वेळानं म्हणाली, "माप धाडून नाई भागनार आत्या. मलेच दाखवावं लागन."

तिनं स्वतः विमलाबाईले फोन लावला. येत्या शनिवारी केळझरले, गणपतीच्या देवळात. कारंज्याहून ते लोक जीपनं येतात, नागपूरहून तुम्ही, इथून आम्ही. पाहायचा कार्यक्रम तिथंच. ती सगळं सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तुले हे आधी कळावं असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं होतं, कळवू नको. पण पोट्टी माझ्यापेक्षा भली आहे.

ये. देवळात तरी माझ्याशी भांडता येणार नाई. मी एका खांबाशी बसते, तू दुसऱ्या खांबाशी बस. पण तिच्या मागं उभा राहायले ये.

शकुन

सेलू, ९ मे १९९९

दादा,

नाई आलास.

वहिनी एकटी आली. म्हणाली, लग्नसराई आहे, दुकान सोडवत नाई. बिचारी सारी वाट हेच पाठ करत आली असावी. देवळात काय झालं ते तिनं तुले सांगितलं असन, पण अर्धं सांगितलं असन, म्हणून मी सांगते.

सभामंडपात चटई टाकून बसलो. विमलाबाई, निकेशचा बाप बंडूजी आणि निकेश. पोरगा उंच, लाजरा, बोटानं चटईची काडी उपटत बसलेला. खालून पोहे आणि चहा आला. मयुरी निळ्या सुती ड्रेसमध्ये, ओढणी घडी करून पिशवीत. वहिनीनं दोनदा खुणावलं, ओढणी घे. तिनं पाह्यलं नाई असं केलं.

नेहमीचे प्रश्न झाले. सैपाक येते का, शिक्षण किती, ढाब्याच्या घरात माणसं लय येतात, जमन का. तिनं नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "आता माह्यं उलिसं ऐका." उठली आणि सगळ्यांकडं पाठ करून उभी राह्यली. ती बोलली तशीच लिहिते.

"हे उजवं फरं वर हाये. डावा खांदा खाली हाये. पंधराव्या वर्षापासून. दुखत नाई, काम होते, डॉक्टरनं काही अडचन नाई सांगितली. बाबानं पोलक्यात कापूस भरून झाकलंतं. विमलाकाकू, तुमच्या टेलरनं जे बराबर केलं ना, ते चूक नोती. ते माह्यं माप होतं."

आणि वळून बसली. चहाचा कप उचलला.

वहिनी चटईत तोंड खुपसायची बाकी राह्यली. बंडूजीनं डॉक्टरचं एकदोन विचारलं, तिनं सांगितलं. निकेशनं मान वर केली आणि विचारलं, "ड्रेस कोनी शिवला?" ही म्हणाली, "आत्यानं." तो म्हणाला, "बसला चांगला." आणि कानापर्यंत लाल झाला. दादा, मयुरी पण लाल झाली. मी पाह्यलं.

मग विमलाबाईनं मले आणि वहिनीले खांबामागं नेलं. हात धरला. म्हणाली, "पोरगी मले पसंत हाये. एवढ्या तोंडावर खरं बोलनारी पोरगी मले घरात पाहिजेच. पन माह्या चार जावा हायेत, त्याइची तोंडं मले ठाऊक. लग्नाच्या दिवशी तेवढं ते कापसाचं पोलकं घालू द्या. एकच दिवस. मंग घरात तिले काय घालाचं ते घालो, मी कोनाले बोलू देनार नाई."

वहिनी रडायलेच लागली, आनंदानं. तिनं गणपतीले हात जोडले, मग विमलाबाईले जोडले. आणि मी? इथं तुझ्याशी एवढी तोऱ्यात बोलणारी मी, मान हलवली. म्हटलं, एक दिवस तर आहे. बाई भली आहे, पोरगा भला आहे, एका दिवसानं काय होते? मान हलवून इकडं पाह्यलं तर मयुरी समोर उभी. ऐकून राह्यलती. पायऱ्या उतरली, बसमध्ये खिडकीशी बसली, सेलू येईपर्यंत बाहेर पाहत राह्यली.

घरी आल्यावर म्हणाली, "आत्या, तू पन?" बस, एवढंच. मले थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

विमलाबाईले होकार आपल्याकडून कळवायचा आहे. वहिनी म्हणते आजच कळवा. मयुरी म्हणते थांबा. मी थांबली आहे.

शकुन

सेलू, १८ मे १९९९

दादा,

तुझं पत्र आलं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाह्यलं. अजून बाबासारखंच आहे, ळ चं पोट मोठं. पाकीट हातात धरून मी बराच वेळ मशीनवर बसून राह्यली, हे तुले सांगायचं नव्हतं.

"एका दिवसाची गोष्ट आहे. तिले समजव. ती तुझं ऐकते." एवढंच लिहिलंस. मी ते मयुरीले वाचून दाखवलं. समजवायले म्हणून नाई, तुझं आहे म्हणून. ती काजं करत होती, सुई थांबवली नाई. म्हणाली, "आत्या, हे एक दिवस म्हनतात, तो फोटोचा दिवस असते. तो फोटो भिंतीवर लागन. आल्या गेल्याले दाखवतीन. मी जल्मभर त्या घरात त्या दुसऱ्या बाईले पाहत राहू का?"

याच्यावर काय बोलावं ते तुले सुचलं असतं का?

मग तिनं निकेशले फोन लावला. स्वतः. मी बूथच्या बाहेर उभी होती, काचेतून तिचं तोंड दिसत होतं आणि दार नीट लागत नसल्यानं आवाजही येत होता. तिनं विचारलं, "तुमचं काय म्हननं हाये?" तिकडून तो काहीतरी बोलला. ही म्हणाली, "तुमाले काही नाई ना, मंग मायले सांगा." मग तो बोलला असन. ही म्हणाली, "समजलं. मायपुढं तुमी बोलत नाई. मंग उद्या तिच्या जावांपुढं कसे बोलसान?" "मंग माह्याकडून नाई समजा. काकूले माह्या नमस्कार सांगजा. पोलकी कोन्या बराबर खांद्याच्या पोरीले देजा." आणि फोन ठेवला.

बाहेर येऊन तिनं बूथवाल्याले पैसे दिले, चप्पल घातली आणि मले विचारलं, "आत्या, चुकलं का माह्यं?"

दादा, मी तिले खोटं नाई बोलली. मी म्हटलं, "माहीत नाई वं माय." ती रस्त्यानं रडत आली, तोंड न झाकता. निकेश तिले आवडला होता. हे तुले वहिनी सांगणार नाई, मयुरी तर नाईच नाई, म्हणून मी सांगते. तिनं आवडलेलं स्थळ सोडलं. तिले कोणी नाकारलं नाई, हे डोक्यात पक्कं घाल. ते लोक पसंत करून गेलते. तिनं सोडलं, कारण तिले एका दिवसासाठीही दुसरी कोणी व्हायचं नव्हतं. तुझ्या माझ्यात एवढी हिंमत असती तर काय काय झालं असतं, तू मोज. मी माझं मोजून बसली आहे.

गादीचं पोलकं मी उसवलं. तिनं नाई, मी. शिलाई इतकी पक्की होती की ब्लेड घ्यावं लागलं. उसवताना मले तुझा एकेक टाका दिसत होता, आतून बाहेरून दोन्हीकडून सारखा, कुठं गाठ नाई, कुठं घाई नाई. एवढं जीव लावून शिवलंस तू ते. मले तेव्हा पहिल्यांदा समजलं की तुले पोरीची लाज नव्हती, पोरीचं भेव होतं. कोणी तिले बोलन, कोणी तिले परत करन, याचं भेव. मले परत आलेली पाह्यलीस ना तू, या घराच्या दारात, पेटी घेऊन. तेव्हापासूनच हे भेव तुझ्यात बसलं असन. पण तुझं भेव तिनं अंगावर घालून काऊन फिरावं? एवढ्या उन्हात?

आता तुले एक काम सांगते. हुकूम समज नाई तर विनंती समज, मले फरक पडत नाई. लोक विचारतीन. तुझं दुकान चालतं आहे, रोज माणसं बसतात, पहिला प्रश्न हाच येईन की कारंज्याचं काय झालं. तू म्हणशील पत्रिका जुळली नाई. म्हणशील पोराचं काही बरोबर नव्हतं. म्हणशील आम्हीच थांबलो. वहिनी तर सांगून मोकळीही झाली असन.

तसं सांगू नको. मयुरीनं नाई म्हटलं असं सांगजो. तिचं नाव घेऊन सांगजो. मोठ्यानं, कारागीर ऐकतीन असं, गिऱ्हाईक समोर बसलं असलं तरी. "माझ्या पोरीची पाठ वाकडी आहे, आणि तिनं नाई म्हटलं." ही दोन्ही वाक्यं एका दमात, मध्ये न थांबता. घरी आधी आरशापुढं बोलून पाहाय, सोपं नाई ते. मी बोलून पाह्यलं.

जमलं तर सेलूले येजो. तिचं माप मी घेतलं आहे, पण बापानं घेतलेलं माप वेगळं असते. नाई जमलं तर येऊ नको, मी खरंच सांगते, दारातून परत पाठवीन. पोट्टी रोज दुपारच्या एसटीच्या वेळी दाराशी येऊन उभी राहते, हे मी लिहिणार नव्हती.

शकुन